लिंबाजवळची जागा

‘मामा, तुम्ही तरी बोला. तुमची सख्खी बहीण आहे ती.’

जयवंत असं म्हणाला तेव्हा मी अप्पांच्या पायाशी खुर्चीवर बसलो होतो. त्यांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. पाणी गोणपाटातून झिरपून उंबऱ्याकडे निघालं होतं आणि ते अडवायला कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं टाकली होती. त्यातलं एक मी वाचत होतो. कुठल्याशा साखर कारखान्याच्या निवडणुकीची बातमी होती, खालची अर्धी भिजून गेलेली. कोण निवडून आलं ते मला कळायला हवं होतं. त्या सकाळी दुसरं काही हवं असल्याचं आठवत नाही.

‘काय बोलू?’ मी विचारलं.

‘अप्पांना आईजवळ ठेवायचं का नाही, ते बोला.’

अप्पा म्हणजे भानुदास अमोलिक. खरं तर ते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, रूथचे नवरे. पण घरातले सगळे त्यांना अप्पा म्हणायचे आणि मी त्याच घरात राहत होतो, म्हणून माझेही ते अप्पाच झाले. पहाटे झोपेत गेले. माई चहा घेऊन गेली तर उठले नाहीत. वय शहाऐंशी. आजार नाही, अंथरूण नाही. आदल्या दिवशी अंगणात बसून त्यांनी धाकट्या नातवाचे केस कापले होते. कापलेले केस अजून अंगणाच्या कोपऱ्यात पडून होते. झाडायचं कुणाला सुचलं नव्हतं.

जयवंत हा रूथचा मुलगा. ती गेली तेव्हा पाच वर्षांचा होता. आता अठ्ठावन्न वर्षांचा, सरकारी बांधकाम खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. समोर दाराला टेकून लीना उभी होती. ती माईची मुलगी. माई म्हणजे सगुणा, अप्पांची दुसरी बायको. आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर टोपी घेऊन, चर्च कमिटीचे सेक्रेटरी रणभिसे सर अवघडून बसले होते.

‘पुन्हा एकदा सांगा, सर,’ लीना म्हणाली. ‘मामांनी ऐकलं नाही.’

‘मी ऐकलं,’ मी म्हणालो.

‘तरी सांगा.’

रणभिसे सरांनी घसा साफ केला. ‘जुन्या कबरस्तानात नवीन जागा द्यायची नाही, असा आपला ठराव आहे. घरातल्या कुणाची कबर असेल तर ती उघडून तिच्यात दुसरी पेटी ठेवता येते. पण दोनच. तिसऱ्याला परवानगी नाही. आता रूथबाईंची कबर आहे. तिथं अप्पांना ठेवलं तर ती जागा भरली.’

‘आणि माई?’

‘माईंना देव आयुष्य देवो. पण पुढं कधी... म्हणजे वेळ आली तर, बायपासच्या पलीकडे माळावर आपली नवी जागा आहे.’

‘एकटीला,’ लीना म्हणाली. ‘पन्नास वर्षं ज्या माणसाचा डबा भरला त्याच्यापासून आठ किलोमीटर लांब. नाहीतर अप्पांनाच माळावर नेऊ. तिथं शेजारी-शेजारी दोन जागा मिळतात. मिळतात ना, सर?’

‘मिळतात.’

‘मग झालं.’

‘काय झालं?’ जयवंतचा आवाज चढला नाही. तो कधीच आवाज चढवायचा नाही, अप्पांसारखाच. ‘माझी आई तिथं त्रेपन्न वर्षं एकटी आहे, लीना. सहा वर्षांचा संसार झाला तिचा. आता तिचा नवरा गेला तर त्याला दुसरीकडे न्यायचं? ती काय म्हणेल?’

‘ती काही म्हणणार नाही, दादा. माई म्हणेल. माई जिवंत आहे.’

‘मग माईला विचार.’

‘माई तोंड उघडते का?’

माई आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात होती. तिचं काही ऐकू येत नव्हतं. बायका तिला एकेक आठवण सांगत होत्या. अप्पांनी कुणाची शिलाई मशीन दुरुस्त केली होती, कुणाच्या मुलीच्या लग्नात एस.टी. डेपोतून दोन गाड्या मिळवून दिल्या होत्या. ते डेपोत हेड मेकॅनिक होते. कुणीतरी हसलंही. आमच्याकडे मयताच्या घरी हसू येतं आणि कुणी त्याला वाईट मानत नाही.

बाहेर मांडवात दोन म्हातारे अप्पांचे किस्से एकमेकांना सांगत होते.

‘शनिवारी केस कापायला गेलं की खुर्चीत बसवायचा आणि मान दाबून धरायचा. हलला तर कान जाईल म्हणायचा.’

‘मी म्हटलं, अमोलिक, पैसे किती? तर म्हणाला, कान राहिला त्याचे द्या.’

‘बेनूचं पण तोच कापायचा की.’

‘बेनूचं काय कापणार? पुस्तकं वाचून वाचून निम्मे गेलेच. अमोलिक म्हणायचा, सगळ्या गाड्या चालू केल्या, ही एक गाडी काय स्टार्ट होईना. लग्नच करीना.’

मी बेंजामिन, म्हणजे बेनू. ते मला ऐकू यावं म्हणूनच बोलत होते. एरवी मी अशा वेळी लाजून आत गेलो असतो. त्या दिवशी ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असावेत असं वाटलं.

रूथ गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. जयवंतला सांभाळायला म्हणून तिच्या घरी आलो आणि मागच्या खोलीत माझ्या पुस्तकांसकट राहून गेलो. दोन वर्षांनी अप्पांनी सगुणाशी लग्न केलं. मी ट्रंक भरली होती. नवी नवरी मागच्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, ‘ट्रंक उतरवा. हे पोर मला ओळखत नाही, तुम्हाला ओळखतं. तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारायचं?’ मी ट्रंक उतरवली. पुढे मला शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली, तीही संपली, पेन्शन सुरू झाली. ट्रंक माळ्यावर आहे.

‘मामा,’ जयवंत पुन्हा म्हणाला, ‘अप्पा तुमच्याशी कधी बोलले का? कुठं ठेवा म्हणून?’

‘नाही.’

‘कधीच?’

‘स्वतःच्या जागेबद्दल नाही बोलले.’

हे खरं होतं. पण दुसऱ्या एका जागेबद्दल ते बोलले होते आणि ते ऐकणारा मी एकटाच होतो, असं मला वाटत होतं.

‘मग तुम्ही सांगाल तसं,’ जयवंत म्हणाला. ‘बोल ग लीना. मामांचं मान्य आहे ना? ते तर आपल्या दोघांचे आहेत.’

लीना माझ्याकडे पाहत राहिली. तिला लिहा-वाचायला मी शिकवलं होतं. ‘मान्य आहे,’ ती म्हणाली. ‘पण मामा काय बोलणार हे मला माहीत आहे. मामा म्हणतील, बघू.’

‘मी जरा माईशी बोलतो,’ मी म्हणालो.

‘बघा,’ लीना म्हणाली.

माई घोळक्यातून उठून स्वयंपाकघरात आली होती. चूल पेटवायची नव्हती, शेजारचे लोक चहा आणत होते. तरी ती ओट्यापाशी उभी राहून कोरडे कप फडक्याने पुसत होती. पांढरं लुगडं कुणीतरी घाईनं आणून दिलेलं, घडीच्या रेघा तशाच होत्या.

‘बसा, बेनूभाऊ.’

मी पाटावर बसलो. गुडघे दुखत होते. बोलायला सुरुवात कशी करायची ते मला कधीच जमलं नाही. शाळेत मुलांना पुस्तक परत मागतानासुद्धा मी दोनदा मनात वाक्य म्हणायचो.

‘माई, तुम्हाला एक सांगायचं आहे. रूथच्या कबरीबद्दल.’

‘नका सांगू,’ ती म्हणाली.

‘तुम्हाला ठाऊक नाही मी काय...’

‘ती तिथं नाही. तेच ना?’

मी तिच्याकडे पाहिलं. ती कप पुसत होती.

रूथला पुरलं ते कबरस्तानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या बाजूला. महिनाभरानं ओढा फुटला. आम्ही गेलो तेव्हा तिथं क्रूस नव्हते, उंचवटे नव्हते, नुसता सपाट ओला गाळ होता. सात-आठ घरांची माणसं तिथं होती. कुणाचं कोण कुठं, ते सांगता येत नव्हतं. मी आणि अप्पा दुपारभर फिरलो. ते पावलं टाकायचे, थांबायचे, परत फिरायचे. जयवंत तेव्हा जेवत नव्हता. आईकडे न्या, एवढंच म्हणायचा, आणि रविवारी नेतो असं त्याला सांगून ठेवलं होतं. शेवटी अप्पा वरच्या अंगाला लिंबाच्या झाडाजवळ जाऊन उभे राहिले. ती जमीन मुरमाची होती, टणक. खणायला जड म्हणून तिथं कुणी कुणाला पुरत नसे. ते म्हणाले, ‘बेनू, पोराला फुलं ठेवायला जागा पाहिजे.’ डेपोत भंगारात पडलेल्या पाइपांचा त्यांनी क्रूस जोडला, पहारीनं खड्डा करून तिथं रोवला आणि माती ओढून वर उंचवटा केला. रविवारी जयवंतनं तिथं फुलं ठेवली. घरी येऊन तो जेवला.

मंडळीतल्या कुणाला कळलं असेल तर ते बोलले नाहीत. त्यांचीही माणसं हरवली होती. पुढे ते लोक म्हातारे होऊन गेले.

‘तुम्हाला कधी कळलं?’ मी माईला विचारलं.

‘लग्नाआधी. मला बघायला आले तेव्हाच. माझ्या वडिलांना म्हणाले, जरा अंगणात बोलू द्या. मला वाटलं काय विचारतात, शिक्षण, स्वयंपाक. तर म्हणाले, मी एक खोटं करून ठेवलंय. तुला ते सांभाळावं लागेल. जमेल का बघ, नाहीतर नाही म्हण.’ तिनं कप पालथा ठेवला. ‘मी पंचवीस वर्षांची होते. मला वाटलं, जो माणूस हे आधी सांगतो तो बरा.’

‘मला कधी बोलला नाहीत.’

‘तुम्ही मला बोललात का?’

बाहेर गीत सुरू झालं होतं. कुणीतरी सूर फार वर लावला होता, बाकीच्यांना तो पेलवत नव्हता.

‘मग आता सांगून टाकू,’ मी म्हणालो. ‘जयवंतला कळलं की रूथ तिथं नाही, तर तो हट्ट सोडेल. अप्पांना माळावर नेता येईल. तुमची जागा...’

‘नाही.’

‘माई, नाहीतर तुम्ही तिकडे एकट्या.’

‘बेनूभाऊ, त्या पोराचं बोट धरून मी त्याला तिथं नेलंय. दर ईस्टरला चुना लावायला. पास झाला की सांगायला. नोकरी लागली तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा. आईला सांग, मीच म्हणायचे. आता ह्या वयात मीच सांगू, बाबा, तू पाइपाला सांगत होतास?’ ती थांबली. ‘माझं काय. मेल्यावर माळ काय आणि ओढा काय. आजच्या दिवशी त्याचा बाप गेलाय. आईसुद्धा नका नेऊ.’

‘पण खणल्यावर कळेल. तिथं पेटी लागणार नाही.’

‘म्हणून तुम्ही जा. घरचं माणूस लागतंच उभं राहायला. जयवंतला येऊ देऊ नका. त्याला पाळकसाहेबांकडे पाठवा, पेटी आणायला पाठवा, कुठंही पाठवा.’

मी उठलो. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘कप पुसून झाले आहेत, माई.’

‘हो,’ ती म्हणाली आणि पुन्हा पहिला कप घेतला.

बाहेर येऊन मी सांगितलं, ‘जयवंत म्हणतो तसं करू. माईचंही तेच म्हणणं आहे.’

लीनानं मान फिरवली. ‘बघू तरी म्हणायचं होतं, मामा,’ ती म्हणाली आणि आत निघून गेली. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

जयवंतनं माझे हात धरले. त्याचे हात गार होते, बर्फ सरकवून सरकवून. ‘तुम्ही खणायला उभे राहता का? मी पेटीचं बघतो.’

‘राहतो. तू येऊ नको. इथं तू लागशील.’

कबरस्तानात कचरू आणि त्याचा भाऊ आधीच आले होते. त्यांनी क्रूस उपटून बाजूला झाडाला टेकवला होता. पाइपावर चुन्याचे इतके थर बसले होते की तो मूळच्या दुप्पट जाड दिसत होता. मी सावलीत कुणाच्या तरी कबरीच्या कठड्यावर बसलो. सोबत पुस्तक आणलं नव्हतं, तेव्हा समोरच्या दगडांवरची नावं वाचत राहिलो. वाचत होतो एवढंच. एकही नाव लक्षात राहिलं नाही.

रूथचा चेहरा आठवून पाहिला. तिचा एक फोटो आहे, तो आठवला. फोटोबाहेरचं काही येईना. मग अप्पांचा आठवून पाहिला, तर ज्यांना सकाळपासून पाहत होतो तेच आले, नाकात कापूस घातलेले.

‘मास्तर,’ कचरू खड्ड्यातून म्हणाला. शाळेत होतो म्हणून गावात मला मास्तर म्हणतात. ‘जुनी कबर म्हणालात ना?’

‘हो.’

‘पहार लागती सारखी. एकदा खणलेली जमीन अशी नसती.’

‘खणा तुम्ही.’

‘पेटी लागंल म्हणून जपून घेतोय.’

‘जपू नका,’ मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं आणि कुदळ उचलली. बऱ्याच वेळानं तो छातीइतका खाली गेल्यावर थांबला. घाम पुसत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, ‘इथं कोणी नाही, मास्तर.’

‘माहीत आहे.’

‘बरं,’ तो म्हणाला. त्यानं पुन्हा कुदळ उचलली.

फाटकाची कडी वाजली तेव्हा मी उठून उभा राहिलो. जयवंत येत होता. हातात झेंडू-शेवंतीचा हार होता, आईसाठी आणलेला.

‘पेटी आली. सुहास पाळकसाहेबांना आणायला गेलाय,’ तो लांबूनच म्हणाला. सुहास म्हणजे माईचा मुलगा. ‘म्हटलं एकदा बघून यावं. आईची पेटी दिसली तर... लाकूड काय राहिलं नसेल म्हणा. तरी वाटलं, आपण असावं.’

‘जयवंत, तू घरी जा. माई एकटी आहे.’

‘माईजवळ पन्नास बायका आहेत.’ तो हसण्याचा प्रयत्न करत माझ्याजवळून पुढे गेला. मी त्याला अडवायला हवं होतं. हात पुढे केला होता, एवढं आठवतं. तो त्याच्या लक्षात आला नसावा.

तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. कचरूनं खाली मान घातली.

जयवंतनं आयुष्यभर रस्ते आणि इमारतींचे पाये खणून घेतले होते. त्याला मी काही सांगायची गरज नव्हती. चारी बाजू तांबूस पिवळ्या मुरमाच्या होत्या, वरपासून खालपर्यंत एकसारख्या, कुदळीचे घाव त्यात कोरल्यासारखे उठलेले. तो खाली बसला, हात घालून बाजूचा एक खडा काढला आणि बोटांनी दाबून पाहिला. तो फुटला नाही.

‘ही भर नाही,’ तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

‘मामा, ही भर नाही. हे कधी कुणी खणलेलंच नाही.’

‘नाही.’

कचरू आणि त्याचा भाऊ वर चढले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं फाटकाकडे गेले. जयवंत तिथंच बसून राहिला, पाय खड्ड्यात सोडून, विहिरीच्या काठावर बसतात तसा. हार त्याच्या मांडीवर होता.

‘तुम्हाला ठाऊक होतं.’

‘हो.’

‘अप्पांना?’

‘त्यांनीच क्रूस रोवला.’ मग मी त्याला ओढ्याचं सांगितलं. फार वेळ लागला नाही. ज्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं धरून ठेवतो त्या सांगायला इतक्या थोड्या असतात, की ऐकणाऱ्याला वाटावं अजून काही असेल. जयवंत तसाच वाट पाहत बसला.

‘आणि?’ तो म्हणाला.

‘आणि काही नाही.’

‘अजून कुणाला ठाऊक आहे?’

मी सांगावं की नाही याचा विचार केला. विचार पूर्ण झाला नाही. ‘माईला,’ मी म्हणालो.

‘माईला कधी कळलं? आज?’

‘लग्नाआधी.’

तो खड्ड्यात पाहत होता. ‘माई क्रूस पदरानं पुसायची,’ तो म्हणाला. ‘चुना लावायच्या आधी. दर वर्षी. मी म्हणायचो, माई, लुगडं खराब होईल, फडकं घे. तर म्हणायची, होऊ दे.’ तो थांबला. ‘तिथं कुणी नाही हे ठाऊक होतं, तर पुसायची कशाला?’

‘तू बघत होतास म्हणून.’

लिंबाच्या काड्या खड्ड्यात पडत होत्या. मला भीती वाटत होती की तो रडेल आणि मला काय करावं ते कळणार नाही. तो रडला नाही.

‘सकाळी तिनं काय म्हटलं? खरं सांगा.’

‘म्हणाली, आज त्याचा बाप गेलाय. आईसुद्धा नका नेऊ.’

‘आणि स्वतःचं?’

‘माळ काय आणि ओढा काय, म्हणाली.’

रणभिसे सरांची स्कूटर फाटकाशी थांबली. ते हेल्मेट काढत आत आले. ‘झालं का रे? चारला निघायचंय. जुनी पेटी बाजूला घेतली का नीट?’

जयवंत उठला. पॅन्टला लागलेला मुरूम झटकला. ‘सर, इथं माझी आई नाही.’

‘काय?’

‘इथं कुणीच नाही. ओढ्याच्या पुरात खूण गेली होती, मग अंदाजानं लावली. आत्ता खणल्यावर दिसलं. बघा तुम्ही.’

सरांनी वाकून पाहिलं. त्यांना काही समजलं नसावं, पण ते म्हणाले, ‘अरेरे.’

‘म्हणजे ही जागा आमच्या नावावर आहे आणि रिकामी आहे. बरोबर?’

‘तसं म्हटलं तर...’

‘एका जागेत दोन पेट्या. तुमचाच ठराव. खाली अप्पा, वर माई. तसं लिहून घ्या.’

‘अरे पण रूथबाईंचं नाव आहे इथं. ते काढावं लागेल. तुझ्या आईचं नाव. विचार कर, जयवंत. एकदा काढलं की तिची कुठं नोंदच उरणार नाही.’

‘काढा,’ जयवंत म्हणाला. मग त्यानं फाटकाकडे हाक मारली, ‘कचरू! किती घेतलंस?’

‘झालंच की, साहेब. पाच फूट भरलं.’

‘अजून तीन घे. वर एक पेटी राहिली पाहिजे.’

‘मुरूम आहे, साहेब. वेळ लागंल.’

‘लागू दे. मी पण उतरतो.’ आणि त्यानं खरंच शर्ट काढून क्रूसावर टाकला आणि खाली उतरला. मी वरून पाहत होतो. बनियनमध्ये तो पाठीमागून अप्पांसारखा दिसत होता.

आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. उशीर का झाला ते जयवंतनं कुणाला सांगितलं नाही. मुरूम लागला, एवढंच म्हणाला. लीनानं विचारलं तेव्हाही तेच म्हणाला.

पाळकसाहेबांनी अप्पांबद्दल चार शब्द सांगितले. चांगलं आयुष्य, भरलेलं घर, नातवंडं-पतवंडं. सगळं खरं होतं. मी ऐकत होतो आणि एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो आहे असं वाटत होतं. पेटी दोरांवरून खाली जायला लागली. ती जात राहिली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

माई सुहासच्या हाताला धरून काठाशी आली होती. तिनं वाकून पाहिलं.

‘एवढं खोल कशाला?’ ती म्हणाली.

‘वर तुझी जागा आहे, माई,’ जयवंत म्हणाला.

लीनाच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला आणि तिनं पदर तोंडात घातला. माई मात्र जयवंतकडे पाहत नव्हती. ती खड्ड्याच्या बाजूंकडे पाहत होती, तो तांबूस मुरूम, वरपासून खालपर्यंत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, ते मला अजून सांगता येणार नाही.

‘तू आला होतास इथं,’ ती जयवंतला म्हणाली.

‘हो.’

‘तुला येऊ देऊ नका म्हटलं होतं.’

‘मामांना जमलं नाही.’

‘त्यांना कधी काय जमलंय,’ माई म्हणाली.

सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझी मूठ मी कधी उघडली ते आठवत नाही. नंतर हात पाहिला तर रिकामा होता. कचरूनं खड्डा बुजवला, वर उंचवटा केला आणि क्रूस होता तिथंच पुन्हा रोवला. लोक पांगायला लागले. रणभिसे सर गेले, पाळकसाहेब गेले. लीना आणि सुहास माईला न्यायला थांबले होते.

जयवंत मात्र तिथंच उभा होता. अप्पांचे हार उंचवट्यावर ढीगभर पडले होते. त्याच्या हातात दुपारचा तो एक राहिला होता. तो ओढ्याकडच्या उतारावर पाहत होता. तिथं बाभळी होत्या, वाढलेलं गवत होतं, आणि उतार पाण्यापर्यंत सारखाच होता.

‘माई,’ तो म्हणाला, ‘हा आईचा आहे. कुठं ठेवू?’

माई सुहासचा हात सोडून त्याच्याजवळ आली. त्याच्या दंडाला लागलेला मुरूम तिनं हातानं झटकला.

‘ठेवत आलास तिथंच ठेव,’ ती म्हणाली. ‘एवढी वर्षं तिला फुलं तिथनंच मिळतायत.’

त्यानं खाली वाकून हार क्रूसाच्या पायाशी ठेवला. मग माईनं त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि आम्ही फाटकाकडे चालू लागलो.